जांभळ्या दोऱ्याची नळी

फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्याशेजारी, सहा नळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीत लाळ, तीन मिलिलिटरच्या खुणेच्या आसपास. एकीत फेस जास्त, एकीत पातळी खुणेच्या किंचित खाली. प्रत्येकीच्या गळ्याला दोऱ्याची गाठ. लाल, राखाडी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा.

घरात आम्ही पाच माणसं.

मी परत मोजल्या, या खेपेला टोपणांवर बोट टेकवत. सहाच भरल्या. जांभळ्या दोऱ्याची नळी रांगेत शेवटी होती, इतरांपासून बोटभर लांब.

"अगं, थंडावा काय वाऱ्यावर सोडायचाय?" आई मागून ओरडली. मी फ्रीजचं दार लावलं.

दोऱ्यांचं आधी सांगायला हवं. आमचं शिवणकामाचं दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर. दुकानाचा जुना नियम असा की ज्यानं जो कपडा शिवून संपवला, त्यानं अस्तराच्या आत आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की अस्तर उलटायचं, कुणाचा कान धरायचा ते लगेच कळतं. काका लाल. बाबा कापतात जास्त, शिवतात कमी, पण त्यांचाही राखाडी आहे. आईचा पिवळा, काकांचा मुलगा म्हणजे दादा, त्याचा हिरवा. मी शाळेत असताना सुट्टीत कॉलर उलटवायला बसायचे, तेव्हापासून निळा माझा.

जांभळा काकूचा होता. काकूला जाऊन चार वर्षं झाली.

ती खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि तरी तिचं प्रत्येक अक्षर कळायचं. सुईत दोरा ओवताना टोक जिभेवर ओलं करायची, दातांनी चपटं करायची. एकदा म्हणाली, जिभेच्या कडेला काहीतरी आलंय, दात टोचतोय त्यामुळे असेल. दाताला कानस मारून घेतली. ते काहीतरी तिथंच राहिलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर. ते वाक्य आमच्या घरात एखाद्या जड कपाटासारखं उभं आहे, सगळे त्याला वळसा घालून चालतात. आधी काकूची अर्धी जीभ गेली, मग बोलणं, मग काकू.

मी आता ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही तेच बघतो. डोळ्यांना दिसण्याआधी, दुखण्याआधी, लाळेतलं एक प्रथिन वाढतं का आणि किती वाढतं. त्यासाठी आजारी तोंडांइतकीच निरोगी तोंडंही लागतात, तुलनेला. निरोगी म्हटल्यावर मला घरचीच आठवली.

आदल्या दिवशी दुपारच्या चहाला मी दुकानात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. थुंकायचं नाही, मान खाली घालून लाळ आपोआप ओघळू द्यायची. त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. उद्या दुपारपर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा, मी परवा सकाळी नेईन.

"म्हणजे लाळ गाळायची," दादा म्हणाला. "ते मी समोरच्या बेकरीकडे बघून रोजच करतो. तेव्हा कुणी नळी घेऊन येत नाही."

"आमच्या थुंकीला काय भाव देतात तुमच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"फुकट घेतात."

"मग बरोबर आहे. तिची किंमत मला आधीपासून माहीत होती."

खिडकीशी बटणताई एका कोटाला बटणं लावत होत्या, त्याही हसल्या. त्या गेल्या हिवाळ्यापासून काज-बटणाच्या कामाला येतात, सकाळी उशिरा येऊन ऊन उतरायच्या आत जातात. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दुखत नाही ना?"

"नाही काका."

"तिला फार सुया टोचल्या होत्या."

मी म्हटलं, नावं लिहू नका, मला नावं नकोच आहेत. दादा म्हणाला, मग दोरे बांधू. उरलेल्या रिकाम्या नळ्यांचं पाकीट मी फ्रीजवर ठेवलं आणि म्हणाले, घरातल्या सगळ्यांनी एकेक भरा.

आणि आता सहा होत्या.

रात्रीच्या जेवणाआधी, भाजी चिरता चिरता, विषय निघाला. "जांभळा कुणी बांधला?" मी विचारलं.

आईचा सुरीचा हात थांबला. दादा म्हणाला, "असली थट्टा मी करीन का? माझी आई होती ती."

"तुला म्हणत नाहीये कुणी."

"बघतेस तर माझ्याकडेच."

बाबा म्हणाले, "चुकून घेतला असेल कुणीतरी. अंधारात जांभळा आणि निळा सारखाच."

"निळा वेगळा आहे बाबा. निळा माझा. मी भरली, मी बांधला."

काका उठले. त्यांनी फ्रीज उघडला, ती नळी दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली. आतली लाळ हलली. तिच्यात एक बुडबुडा होता, तो सावकाश वर चढला. काका बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिले आणि मग नळी जिथून उचलली होती तिथेच, त्याच अंतरावर, ठेवली.

"ने सगळ्या," ते मला म्हणाले. "हिलाही ने."

नियमानं मी ती न्यायला नको होती. ज्यानं होकार दिलेला नाही त्याचा नमुना लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण मला राहवलं नाही.

आमची चाचणी दिसायला साधी आहे. प्लास्टिकच्या पाटीत छोटे छोटे खड्डे असतात. खड्ड्याच्या तळाला असं काही लावलेलं असतं की ते लाळेतलं नेमकं तेच प्रथिन धरून ठेवतं. मग रंग चढवायचा. जितकं प्रथिन जास्त, तितका निळा गडद. प्रत्येक नमुना दोन खड्ड्यांत घालायचा, म्हणजे एक चुकला तर दुसरा सांगतो.

मी रंगाचं द्रावण घातलं आणि बघत राहिले. आमच्या पाचही जणांचे खड्डे पाण्यासारखे होते. जांभळ्याच्या दोन खड्ड्यांत निळा चढायला लागला, तळाकडून वर, कुणीतरी खालून शाई सोडावी तसा. इतरांना जेमतेम छटा येईपर्यंत ते दोन गडद झाले होते. मग आम्ल घालून रंग थांबवला, निळ्याचा पिवळा झाला, आणि यंत्रानं आकडे दिले. पाच जण एकशे चाळीस ते दोनशे सत्तरच्या मध्ये. आमच्याकडे चारशेच्या खाली निरोगी धरतात. जांभळा, अकराशे ऐंशी.

मॅडमना दाखवलं. मॅडम माझ्या मार्गदर्शक, त्यांचा आवाज कधी चढत नाही.

"होकार पाच जणांचा आणि नमुने सहा," त्या म्हणाल्या. "सहावा लावलासच का?"

मी सांगितलं. दोऱ्यांचं, काकूचं, सगळं. सांगताना मलाच ते ऐकवेना.

"आकडा फसवा असू शकतो," त्या म्हणाल्या. "नुसती हिरडी सुजली तरी हे प्रथिन वाढतं. पण फसवाच असेल असं धरून बसायचं नाही. परत नमुना घे. आणि मुख्य म्हणजे माणूस शोध. नळी तपासता येते, बरी करता येत नाही."

"मॅडम, ज्यांचा तो रंग आहे त्या वारल्या आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "वारलेल्या माणसांना लाळ सुटत नाही. तुमच्या घरात कुणीतरी जिवंत आहे, आणि त्याला जे झालं असेल ते अजून लहान असेल. मोठं होईपर्यंत थांबू नकोस."

त्या संध्याकाळी आम्ही पाचही जण टेबलाभोवती बसलो. प्रत्येकानं सगळ्यांसमोर भरायची, असं ठरलं. बोलायचं नव्हतं, हसायचं नव्हतं, लाळ जमू द्यायची होती. पाच माणसं माना खाली घालून, ओठांना नळ्या लावून बसली. खालून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मला वाटलं, कुणी आत्ता दारातून आत आलं तर त्याला वाटेल आम्ही सगळे टेबलाखालचं काहीतरी ऐकतोय.

माझी नजर टेबलाच्या सहाव्या जागेकडे गेली, जिथे खुर्ची नव्हती. आईचीही तिकडेच होती.

सकाळी निघताना मी आणखी एक गोष्ट केली आणि कुणाला सांगितली नाही. एक रिकामी नळी, दोरा न बांधता, फ्रीजमध्ये दुधाशेजारच्या मोकळ्या जागेत ठेवली. शास्त्रात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. प्रश्न विचारायचा आणि उत्तराला जागा ठेवायची, एवढंच डोक्यात होतं.

जिन्यावरून उतरताना खाली दादा काकांना हळू आवाजात विचारत होता, "पण दोरा आला कुठून? आईचं रीळ तर..." तेवढ्यात दुकानाच्या दारावरची घंटी वाजली. बटणताई पिशवी सावरत आत आल्या. दादा गप्प झाला, काकांनी टेप गळ्यात टाकला. बाबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, जा आता. घरातली गोष्ट बाहेरच्या माणसापुढे काढायची नाही, हे आमच्याकडे न सांगता पाळतात.

"काय हो, मी आले की अळीमिळी गुपचिळी?" बटणताई म्हणाल्या.

"तुमच्याच बटणांचं बोलत होतो," दादा म्हणाला. "फार घट्ट बसतात. गिऱ्हाइकांची पोटं सुटली तरी तुटत नाहीत."

पाचही नव्या नमुन्यांचे खड्डे पाण्यासारखेच राहिले. घरी आले आणि पर्स न ठेवताच फ्रीज उघडला. सकाळची नळी तिथेच होती. भरलेली. गळ्याला जांभळा दोरा, दोन टोकं सारखी कापलेली.

मी खाली धावले. "बाबा, तुम्ही दिवसभर कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? इथे. जिन्याच्या तोंडाशी, कापत."

"वर कोण कोण गेलं?"

"तुझी आई. दादा जेवायला. काका आज वर गेलेच नाहीत, त्यांना मीच डबा आणून दिला. कुणी नाही गेलं."

"कुणीच नाही?"

"अगं कुणी म्हणजे कुणीच नाही. मी काय डोळे मिटून कापतो?"

दुसरा आकडा आला बाराशे दहा. हिरडीची सूज असती तर एवढ्यात थोडी वरखाली झाली असती, मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्या ओळखीच्या तोंडाच्या डॉक्टरांकडे मी घरच्या सगळ्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी पाचही तोंडं प्रकाशात धरून पाहिली, जीभ कापडानं पकडून डावीकडे-उजवीकडे ओढली, गालाच्या आत बोट फिरवलं. दादाची एक दाढ किडलेली निघाली. बाकी काही नाही.

म्हणजे पाच तोंडं स्वच्छ होती, आणि सहावं घरात कुठेतरी होतं.

घर त्यानंतर बदललं. आई कप उकळत्या पाण्यातून काढायला लागली. दादा बॅटरी घेऊन आरशासमोर उभा राहायचा, आ करून, आणि मागून कुणी गेलं की दचकायचा. मला सगळीकडे तोंडाच्या खुणा दिसू लागल्या. पेल्याच्या कडेवरचा अर्धगोल, पेन्सिलीचं चावलेलं टोक, कॅलेंडरच्या पानाचा ओल्या बोटानं उलटून मऊ झालेला कोपरा. माणूस दिवसभर आपली लाळ किती ठिकाणी ठेवत जातो, हे मी कधी मोजलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना मी एकटी खाली गेले. काकूच्या मशीनवर चादर घातलेली असते, ते चार वर्षांत कुणी चालवलेलं नाही. चादर एका बाजूनं उचलून मी ड्रॉवर ओढला. कात्री, खडू, आणि जांभळं रीळ. रिळावर धूळ नव्हती. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं. मी ते नखावर घेतलं. टोक चपटं होतं, जरासं कडक, दातांत धरून ओलं करून सोडलं की वाळल्यावर होतं तसं.

मनात पाल चुकचुकली म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. मी ड्रॉवर लावला आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले.

वर आले तर काका फ्रीजसमोर स्टुलावर बसले होते. दार बंद होतं, आतल्या यंत्राची घरघर चालू होती.

"परत नळी ठेवली नाहीस," ते म्हणाले.

"पुरे झालं काका. आकडा तोच येतो."

"ठेव ना. एवढी एक."

"काका, ती काकू नाहीये."

"मग कोण आहे? सांग. तू शिकलेली आहेस." ते रागावले नव्हते, हे जास्त वाईट होतं. "तिला तेव्हा कुणी विचारलं नाही. ती सांगत होती, दात टोचतोय, आणि मी म्हणालो, सीझन संपू दे. आता तू फ्रीजमध्ये नळी ठेवतेस आणि ती भरून देते. बघा म्हणते. एवढंच म्हणते."

पुरावा त्यांच्या बाजूनं होता. नमुना होता, रंग होता, आकडा दोनदा तोच आला होता. माझ्याकडे फक्त मॅडमचं एक वाक्य होतं, की वारलेल्या माणसांना लाळ सुटत नाही. आणि ते खरं असेल तर कुणाच्या तरी तोंडात ते रोज थोडं थोडं वाढत होतं, आणि मी फ्रीजसमोर उभी होते.

मी नळी ठेवली नाही. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

मग एका कामाच्या दिवशी प्रयोगशाळेची वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवली आणि मी भर दुपारी घरी आले. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी पाणी पीत होते. जिन्यावर पावलं वाजली. हलकी, सवयीची. आईची नव्हेत, आई समोर खोलीत आडवी झाली होती. दादाची नव्हेत, दादा दोन पायऱ्या एकदम चढतो. मी पेला खाली ठेवला नाही, धरूनच राहिले.

बटणताई आत आल्या. "अय्या, तू घरी?" म्हणत त्यांनी फ्रीज उघडला, दुधाच्या पातेल्याशेजारून आपला जेवणाचा डबा काढला, आणि डबा काढल्यावर जी मोकळी जागा राहिली तिच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं वाटतं तुझं काम? त्यानंतर नळी ठेवली नाहीस."

"कुठली नळी?"

"माझी. माझ्या डब्याच्या जागेवर ठेवली होतीस ना. म्हटलं, माझ्यासाठीच ठेवलीय पोरीनं. पहिली तर मीच वरच्या पाकिटातून घेतली होती."

मी पेला ओट्यावर ठेवला. "ताई, तुम्ही भरली?"

"मग? तूच म्हणालीस, सगळ्यांनी एकेक भरा." त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मागं सरलं. "भरायची नव्हती का?"

"आणि दोरा?"

"सगळ्यांचे रंग होते. मला कुणी दिला नव्हता. बटणांना कोण दोरा बांधतं? पण नळीला बांधायचा होता. ड्रॉवरमध्ये एकच रीळ होतं, म्हटलं हा कुणी वापरत नाही, हा माझा." त्या डबा पोटाशी धरून उभ्या होत्या. "काही चुकलं का माझं? तसं सांग. मला आपलं वाटलं, चांगलं काम आहे, आपलाही हातभार."

"ताई, तोंड उघडता?"

"आत्ता?"

"आत्ता. खिडकीशी या."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि उजेडाकडे तोंड करून आ केला. मी चमच्यानं जीभ बाजूला केली. डाव्या कडेला, मागे, मसुराच्या दाण्याएवढा पांढरट डाग, मध्ये तांबूस.

"हां, ते," त्या चमचा बाजूला करून म्हणाल्या. "ते काही नाही. दात टोचतो तिथला."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि आत परत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला नाही, कपाट उघडल्याचा आला. ती बाहेर जायचे कपडे काढत होती.

काकांना मी खाली जाऊन सांगितलं. बटणताईही माझ्या मागोमाग आल्या होत्या. काकांनी इस्त्री उभी केली.

"ड्रॉवर उघडायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," बटणताई म्हणाल्या. "मी आले त्या पहिल्या दिवशी. म्हणालात, कात्री ड्रॉवरमध्ये आहे, त्यातलं लागेल ते घ्या."

काकांना ते आठवत असावं. ते चादर घातलेल्या मशीनकडे बघत म्हणाले, "म्हणजे ती नव्हती."

"नाही काका," मी म्हटलं.

"बरं." ते जिना चढून वर गेले. वरून फ्रीजचं दार उघडल्याचा आणि लगेच लावल्याचा आवाज आला.

बटणताईंना तोवर काही कळलेलं नव्हतं. त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी बाबांना विचारलं, "मला काय झालंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढंच, आकड्यासकट. कदाचित असेल, कदाचित नसेल, असेल तर लहान आहे. त्या ऐकत होत्या आणि बोटांनी अंगावरच्या झग्याचं वरचं बटण चाचपत होत्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आकडा माहीत होता. तुम्ही आहात हे माहीत नव्हतं."

"मी तर रोज इथेच होते," त्या म्हणाल्या.

दादानं मान खाली घातली. थट्टा सुचण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी डागाचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. उत्तर आलं तेव्हा शस्त्रक्रियेची तारीखही आली. त्या सकाळी आई आणि मी बटणताईंना घेऊन निघालो, तर काका कोट घालून दुकानाच्या दारात उभे होते. सीझनचं काम टेबलावर ढिगानं पडलं होतं. त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर चालायला लागले. वाटेत रस्ता ओलांडताना ते बटणताईंच्या बाजूला, गाड्यांच्या अंगाला आले.

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "यांचे तुम्ही कोण?"

"आम्ही त्यांच्या घरचे," आई म्हणाली. "त्यांची मुलगी परगावी आहे, ती संध्याकाळी पोचेल."

आत नेताना बटणताईंनी मला जवळ बोलावलं. "जीभ किती कापतील गं?"

"थोडी. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"बोलता येईल?"

"येईल."

"बघ हां. मी गप्प बसले तर तुमच्या दुकानात मग नुसती मशीनंच बोलतील." त्या हसल्या. आईनं त्यांचा हात धरला. तो तिनं दार बंद होईपर्यंत सोडला नाही.

बाकावर काका माझ्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "उशीर झालाय का?"

"कळेल काका. काढलेल्या भागाचं माप येतं. तो किती खोल गेलाय आणि कडेला काही उरलंय का, ते मोजतात."

"मोजून देतात?"

"मिलिमीटरमध्ये."

"तिचं मोजलं होतं?"

"हो."

"किती?"

मला तो आकडा पाठ होता. काकूची ती फाइल मी प्रयोगशाळेत लागले त्या वर्षी वाचली होती, काकांनी कधी वाचली नव्हती. "खोली एकोणीस," मी म्हटलं. "एका कडेला उरलं होतं."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर केली, शिंप्याच्या अचूकपणानं, जवळपास दोन सेंटिमीटर, आणि त्या फटीकडे बघत राहिले.

बटणताईंचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. त्या खाटेवर बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या पायाशी, काका भिंतीला टेकून. बोलायला अजून मनाई होती, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि बोटानं खूण केली, वाच.

मी वाचला. जिभेची डावी कड. गाठीची रुंदी सहा मिलिमीटर. खोली दीड मिलिमीटर. कापलेल्या सर्व कडा मोकळ्या, म्हणजे मागे काही उरलेलं नाही; सगळ्यांत जवळची कड गाठीपासून सात मिलिमीटरवर.